काकांच्या फॉरवर्डबद्दल, आणि बाकी खुशाली

प्रिय पप्पा, आई, आज्जी आणि छोटी,
सप्रेम नमस्कार.

मी इथं जर्मनीत एकदम बरा आहे. जेवण वेळेवर होतंय, जाड जॅकेट घेतलंय, खोलीत हीटर आहे, त्यामुळं आई तू रात्री उठून मोबाईलवर इकडचं तापमान बघायचं आता सोड. कामाचं काय नवीन सांगू, बेळगावच्या उद्यमबागेत जे करत होतो तेच, फक्त इथं हात कमी काळे होतात. हे सगळं फोनवर झालंयच, खरं काकांचा विषय निघाला की दोन मिनिटांत सगळ्यांचे आवाज चढत्यात आणि आई फोन आज्जीकडं देते, म्हणून यावेळी टाइप करून पाठवलंय. छोटी, प्रिंट काढ आणि आज्जीला वाचून दाखव, मधलं काही गाळू नको.

तर मी काकांचा अपमान केला, बाहेर गेल्यापासून शिंगं फुटल्यात, असं म्हणणं आहे ना सगळ्यांचं? आधी ऐकून तरी घ्या. अफगाणिस्तानात २२ मिशनऱ्यांना उद्या दुपारी फाशी देणार, ताबडतोब प्रार्थना करा आणि सगळ्यांना पाठवा, असा तो मेसेज. मी काकांना आधी एकट्याला लिहिलं होतं की हा खोटा आहे. त्यांनी बघितलं, उत्तर दिलं नाही, आणि तासाभरात तोच मेसेज पॅरिशच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, ग्रुपवर टाकला. मग मी तिथं लिहिलं, तेही ‘काका, रागावू नका’ असं सुरुवातीला लिहूनच. आता यात कुठं अपमान आला?

तो मेसेज पंधरा वर्षांपेक्षा जास्त काळ जगभर फिरतोय. कधी २२ असत्यात, कधी २२९, नाव एकाचंही नाही, आणि फाशी कायम ‘उद्या’. २००७ मध्ये तिथं खरंच घडलं होतं, कोरियाच्या एका चर्चची २३ माणसं तालिबाननं पळवली, त्यातल्या दोघांना मारलं आणि बाकीचे सुटले. जे खरंच मेले त्यांच्यासाठी आपल्यातल्या कुणी प्रार्थना केल्याचं मला तरी आठवत नाही.

काका म्हणाले म्हणे, प्रार्थनाच केली ना, त्यात काय बिघडलं. प्रार्थना वाया जात नाही, मान्य. खरं मेसेजसोबत अजून एक गोष्ट घरात येते. आपल्या शेजारच्या चाची ईदला शीरखुर्मा पाठवत्यात, आई तू नाताळला कुलकुल पाठवतेस, आणि त्या मेसेजनंतरच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारात मुसलमानांबद्दल काय बोलणं झालं हे छोटीनंच मला सांगितलं. चाचींनी कुणाला फाशी दिली की ओ? आठवी आज्ञा आपण पहिल्या कम्युनियनच्या वेळी पाठ केलेली, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. आणि कॅटेकिझममध्ये, चर्चच्या शिकवणीच्या पुस्तकात, त्या आज्ञेखाली हेही लिहिलंय की पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याचा दोष मनातल्या मनात खरा मानणं, तोंडानं एक शब्द न बोलता, हेसुद्धा चूकच. मी तर फक्त फॉरवर्डचं बोललो होतो, हे त्याच्याही पुढचं आहे.

पप्पा, २०२१ चा डिसेंबर तुम्ही विसरला नसाल. आपल्या बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक सरकारचं अधिवेशन चालू होतं, धर्मांतरविरोधी कायद्याचं विधेयक विधानसभेत तिथंच पास झालं, आणि आपल्याबद्दल मोबाईलवर काय काय फिरत होतं ते मी परत लिहीत नाही. तुम्ही दुकानात बसून एवढंच म्हणाला होता, ‘एकानं तरी आत येऊन मला विचारायचं की.’ ते मी कधी विसरत नाही. आपल्याला कुणी विचारलं नाही म्हणून आपण दुसऱ्याला न विचारताच पुढं पाठवायचं काय?

आज्जी, तुला गल्लीत यायचे ते गोसावी आठवतात? तू सुपातनं तांदूळ घालायचीस आणि वर चहा पण द्यायचीस. तसलेच पाच नाथपंथी डवरी गोसावी १ जुलै २०१८ ला धुळ्याकडं राईनपाड्यात लोकांनी मारून टाकले, त्यातले बहुतेक मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून पोट भरणारे. मुलं पळवणारी टोळी आलीय म्हणून तेव्हा एक व्हिडिओ फिरत होता. तो कराचीतला, मुलांची काळजी घ्या हे सांगायला बनवलेला. मोटरसायकलवरचे दोघं पोराला उचलतात आणि लगेच परत आणून सोडून पाटी दाखवतात, तो शेवटच कुणीतरी कापला होता. पाठवणाऱ्या प्रत्येकाला वाटत होतं आपण पोरं वाचवतोय. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, पण पाच ठिकाणं काय कमी झाली?

आपल्याला तर दोन भाषा येतात, आपण जास्तच सावध राहायला पाहिजे. २०२५ च्या फेब्रुवारीत कंडक्टरच्या मराठी-कन्नड भांडणावरनं कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडच्या बसा बंद पडल्या, तेव्हा मला मराठी ग्रुपवर एक गोष्ट कळाली आणि कन्नड मित्रांकडनं बरोबर उलटी. दोन्ही शपथेवर. बायबलच्या नीतिसूत्रांत आहेच की, पहिला बोलणारा खरा वाटतो, दुसरा येऊन तपासेपर्यंत. आपल्या भागासाठीच लिहिल्यागत वाटतं.

आता आईचा दुसरा प्रश्न, चर्चवाले माझ्या पगारातनं पैसे का कापतात, कुणी फसवत तर नाही ना. नाही गं. हे इथलं विचित्र आहे, सावकाश वाच. जर्मनीत राहायला आलं की पहिल्या दोन आठवड्यांत सरकारी ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवायचा. त्या फॉर्मवर धर्माचा एक रकाना असतो. तिथं कॅथलिक लिहिलं की ते थेट टॅक्सवाल्यांकडं जातं आणि सरकारच दर महिन्याला चर्चचा टॅक्स कापून चर्चला देतं. पगाराच्या आठ टक्के नव्हे, घाबरू नको, जो इन्कम टॅक्स बसतो त्याच्या आठ टक्के. म्हणजे टॅक्स ५०० युरो असला तर चर्चचे ४०. आमच्या स्टुटगार्टकडं आणि बव्हेरियात आठ, बाकी जर्मनीत नऊ. दानपेटी वेगळी, ती मिस्सात फिरतेच! आणि नको असेल तर परत सरकारी ऑफिसात जाऊन सही करायची, मी चर्च सोडलं म्हणून. फादरकडं नाही, ऑफिसात, आपल्याकडं रेशनकार्डातनं नाव कमी करतात तसं. मग टॅक्स बंद, आणि कम्युनियनही, म्हणजे मिस्सात मिळणारा प्रसादही, बंद.

मी फॉर्म भरताना इथल्याच एका आपल्याकडच्या पोरानं सांगितलं, रकाना मोकळा सोड, कोण बघतंय, देव काय जर्मन फॉर्म वाचतो काय. हसू आलं, पैशाचा मोह पण झाला, खोटं कशाला बोलू. तरी कॅथलिकच लिहिलं. घरी ग्रुपवर येशूचे फोटो टाकायचे आणि ऑफिसात चाळीस युरोसाठी मी कुणीच नाही म्हणायचं, हे मला जमलं नसतं. तेवढे पैसे घरी कमी येतात हे मला माहीत आहे, आणि ते मनाला लागतंच.

यावरनंच काकांचा तो दुसरा फॉरवर्ड, युरोपातली चर्च दुसऱ्या धर्माच्या लोकांनी बळकावली म्हणून. इथं बाकं रिकामी असतात हे खरं आहे, कधी कधी मिस्साला म्हातारी माणसं आणि आम्ही बाहेरचे एवढेच. पण बळकावलं कुणी नाही. २०२२ या एका वर्षात ५ लाखांवर कॅथलिक लोकांनी इथं स्वतः सही करून चर्च सोडलं. कुणी टॅक्समुळं, कुणी चर्चमधल्या अत्याचारांची प्रकरणं दाबली गेली त्या रागानं. काकांना हे आवडणार नाही, कारण यात शिव्या द्यायला बाहेरचा कुणी सापडत नाही.

आणि पोप लिओचा आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशाच्या अध्यक्षांची स्तुती करणारा व्हिडिओ पण खोटा आहे, व्हॅटिकननंच सांगितलंय. आवाज, चेहरा, सगळं कॉम्प्युटरनं केलेलं. पोप फ्रान्सिसनी २०१८ च्या संदेशात खोट्या बातम्यांचं मूळ एदेन बागेतल्या सापापर्यंत नेलं होतं, तो संदेश मात्र खरा, आणि तो आपल्या ग्रुपवर कधी आला नाही.

बास. आता घरचं.

आई, छोटीनं बायोडाटा पाठवला तो बघितला. ‘सीनियर इंजिनिअर, जर्मनी’ कुणी लिहिलं? मी डिप्लोमावाला, मशीन मेंटेनन्सचा टेक्निशियन. पगार पण कापायच्या आधीचा लिहिलाय आणि वर रुपयांत करून, वाचताना मलाच मी श्रीमंत वाटलो. कॅम्पातल्या त्या स्थळाला पाठवायच्या आधी दुरुस्त करा. घरभाडं, टॅक्स जाऊन हातात काय उरतं ते छोटीला वेगळं पाठवलंय, तेच लिहा. मुलगी नको म्हणाली तर म्हणू दे, इथं आल्यावर कळण्यापेक्षा बरं.

नाताळला येणं जमत नाही. तिकिटाचे पैसे बँकेच्या हप्त्यात आणि छोटीच्या बीएडच्या फीमध्ये टाकतोय, त्यावर कुणी वाद घालू नका. आज्जीच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी नव्हतो, नाताळला पण नसणार, ईस्टरला नक्की बघतो. पप्पा, बीपीची गोळी एक दिवसाआड घेतली तर चालते असं तुम्हाला जिथनं कळालं तोही फॉरवर्डच आहे. रोज घ्या.

काकांना मी रविवारी फोन करणार आहे, भांडायला नाही. ते उचलतील असं बघा.

तुमचा,
बाबू

ता. क. पैसे यावेळी आईच्या खात्यावर टाकलेत, पप्पांच्या नाही. का ते पप्पांना माहीत आहे.