आईस पत्र, बाबांच्या लघवीच्या नळीबद्दल

कोपनहेगन,
तान्हा पोळा

प्रिय आई,
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. जेवणाचं, थंडीचं फोनवर सांगतेच, पुन्हा लिहीत नाही. आज नागपुरात आपल्या महाल भागात मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली असेल. ‘ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ म्हणताना यंदा तू मनात बाबांचं नाव घेतलं असशील, हे मला इथे बसून कळतं.

फोनवर बाबांचा विषय निघाला की आपलं भांडणच होऊन राहिलं, म्हणून सावकाश लिहिते. मोठी आई म्हणाली, “पोरगी तिकडे नळीतल्या जंतूंवरच शिकून राहिली, अन् बापाचा ताप काऊन हटत नाही?” ते मला फार लागलं. पण आई, औषध हलकं आहे असं नाही. जंतू नळीवर घर करून बसलेत.

आपल्या कूलरची टाकी आठव. तळाला बोट लावलं की बुळबुळीत थर लागायचा. पाणी कितीदा बदललं तरी तो तसाच. दादा आणि मी नारळाच्या शेंडीने घासायचो तेव्हा कुठे निघायचा. लघवीच्या नळीत आतून असाच थर धरतो. जंतू आधी चिकटतात, मग स्वतःभोवती चिकट लगदा करून त्यात दडतात. याला बायोफिल्म म्हणतात. सुटे जंतू जेवढ्या औषधाने मरतात त्याच्या शंभर, कधी हजार पट औषधही थरातले जंतू पचवतात. रोज बघते मी ते. नळीचा नखाएवढा तुकडा, अंधारी खोली, सूक्ष्मदर्शकाचा पडदा. मेलेले जंतू लाल दिसतात, जिवंत हिरवे. अँटिबायोटिक घातलं की वरचा थर लालेलाल होतो, आणि खाली हिरवं तसंच. पहिल्यांदा बघितलं तेव्हा बाबांच्या खाटेला लटकलेली पिशवीच डोळ्यांपुढे आली.

म्हणूनच उन्हाळ्यात त्या दवाखान्यात तीनदा औषध बदललं आणि नळी तीच ठेवली, याचा मला अजून राग आहे. ताप आला आणि नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल, तर आधी नळी बदलायची, नव्या नळीतून लघवी घेऊन कल्चरला, म्हणजे कोणते जंतू आहेत ते तपासायला द्यायची, मग औषध. जुन्या नळीतून घेतली तर थरातले जंतूच रिपोर्टात येतात. डॉक्टरांना हे विचारायला संकोचू नको.

नुसती गढूळ दिसली म्हणून मात्र गोळ्या मागू नका. नळी घातल्यावर दर दिवसाला शंभरातल्या ३ ते ७ जणांच्या लघवीत नव्याने जंतू येतात, महिन्याभरात जवळपास सगळ्यांच्याच. ताप, हुडहुडी, कमरेत कळ, बरळणं, यातलं काही दिसलं तर लगेच न्यायचं. आणि पिशवीत थेंबही पडत नसेल तर सकाळ व्हायची वाट बघू नका. प्रोटियस नावाचे जंतू लघवीतल्या युरियापासून अमोनिया करतात, मग क्षाराचे खडे धरून नळी बुजते. पिशवी कमरेच्या खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. दादा बाबांना उचलताना ती पोटावर ठेवतो; तेवढं थांबव, लघवी उलटी आत जाते.

एकटं वाटतं का, विचारतेस. नाही गं. सोबतची मुलं जीव लावतात. यांची एक रीत सांगते, तुला खरी वाटणार नाही. पंचविशी झाली आणि लग्न नसेल, तर वाढदिवसाला मित्र त्या माणसाला खांबाला बांधतात आणि अंगावर दालचिनीची पूड उधळतात. चिमूट नव्हे, किलोने! आधी पाणी ओततात, म्हणजे चिकटावी. आमच्यातल्या एका मुलाची आई तर बाजूला उभी राहून फोटो काढत होती. दोन दिवस त्याच्या कानातून दालचिनी निघत होती. तिशीला दालचिनीच्या जागी मिरे. म्हणतात, पूर्वी मसाल्याचे व्यापारी गावोगाव फिरायचे, त्यांची लग्नं राहून जायची, त्यावरून हे पडलं. तू सांबारवडीच्या मसाल्याला दालचिनीचे तुकडे मोजून घेतेस, ते आठवत राहिलं.

फेब्रुवारीत मला तीस होतील, तेव्हा अमरावतीच्या स्थळाचं तू विचारणारच. फोटो बघितला. माणसं चांगली वाटतात. पण मी दोन वर्षं तरी परतणार नाही, हे त्यांना आधी सांग. लपवून बोलणी पुढे नेऊ नका.

दादाच्या खात्यात ४०,००० टाकलेत. ते बेसाच्या प्लॉटच्या हप्त्यात घालू नका. सिलिकॉनच्या नळ्या घ्या. त्याच मापात त्यांचं आतलं भोक मोठं असतं, बुजायला वेळ लागतो. नळी बदलायला येणाऱ्या भाऊंचे पैसेही त्यातूनच द्या.

दिवाळीचं तिकीट काढलं नाही. प्रयोग मध्येच सोडता येत नाही, हे कारण खरं आहे. पण बाबांना सांगायला लागले की माझा आवाज नीट राहत नाही, म्हणून तूच सांग. जेवून राहिले ना ते नीट?

१२ तारखेला नळी बदलायची आहे. त्या वेळी व्हिडिओ लाव. तुमचे अकरा म्हणजे इथले साडेसात, मी घरीच असते. भाऊंनी हात धुतले की नाही ते मला बघू दे.

तुझी,
छोटी