इव्हाचा संप कापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की कोल्हापुरातल्या हौशी संस्थांची संहितेसाठी शोधाशोध सुरू होते. मला अशा वेळी जे. बी. प्रीस्टली यांचं ‘अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स’ हटकून आठवतं. एकच नेपथ्य, एकच संध्याकाळ, पात्रं सात. कुणी ते करायला घेतलंच, तर त्याचं नुसतं रहस्यनाट्य होऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र.

नाटक रंगभूमीवर आलं १९४५ मध्ये, घडतं मात्र १९१२ साली. कारखानदार बर्लिंगच्या घरी मुलीच्या साखरपुड्याचं जेवण उरकतंय, तोच इन्स्पेक्टर येतो. इव्हा स्मिथ या मुलीने जंतुनाशक पिऊन जीव दिलाय. बर्लिंगने तिला कामावरून काढलेलं, कारण आठवड्याला २५ शिलिंग मागणाऱ्या संपात ती पुढे होती. मुलीने मत्सरापोटी तिची दुकानातली नोकरी घालवली. होणाऱ्या जावयाने तिला जवळ केलं आणि सोडलं. पुढे तिला दिवस गेले ते बर्लिंगच्या मुलापासून.

मला सगळ्यांत बोचते ती आई. गरजू स्त्रियांना मदत देणाऱ्या समितीत तिचा शब्द चालतो, आणि गरोदर इव्हाचा अर्ज ती फेटाळायला लावते. ‘पोराच्या बापाला धरा’ हा तिचा हेका. तो बाप तिच्याच पोटचा. त्याचे पैसे चोरीचे आहेत हे कळल्यावर इव्हाने ते नाकारलेले असतात. हलक्या घरची मुलगी पैसे नाकारेल, हेच या बाईला पटत नाही! मदत देताना समोरच्याची लायकी तपासणारी माणसं आपल्याही पेठांत आहेत. बर्लिंगचा राग पटकन येतो. हिला ओळखणं अवघड, कारण ही देणगीच्या पावत्यांवर सही करते.

एडना ही मोलकरीणही दिग्दर्शकांनी नुसती आत-बाहेर करायला ठेवू नये. ज्यांच्याबद्दल हे सगळं चाललंय, त्यांच्यातलीच ती एक आहे आणि तिच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही.

रूपांतरात इव्हाला फसलेली बिचारी करून टाकण्याचा मोह होईल. तसं करू नका, तिचा संप कापू नका. पगारवाढ मागितल्यामुळेच तिची फरफट सुरू झाली. इचलकरंजीत मागावर मीटरमागे पैशांत मजुरी ठरते आणि ती वाढवून घ्यायला तिथे संप झालेले आहेत. एक प्रयोग तिथल्या घोरपडे नाट्यगृहात लावावा, कामगारांच्या सुट्टीच्या वारी, त्यांना परवडेल अशा तिकिटात.

एक नाट्यरसिक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर