फिजिओथेरपिस्ट मॅडमना पत्र

मॅडम,

साठी उलटलेली बाई पाय ओढत चालली तर कुणाला नवल वाटत नाही. गुडघे झिजले असतील, मणक्यात गॅप असेल, वय झालं. माझ्या हातातली चिठ्ठीही गुडघ्याच्या व्यायामांचीच होती. तुम्ही मात्र आधी मला चालवलंत, आणि लगेच थांबू दिलं नाहीत. सुरुवातीला नीट उचलला जाणारा पाय थोड्या वेळाने जमिनीला घासायला लागला, हे तुमच्या नजरेने टिपलं. "हे गुडघ्याचं नाही, पाय ताठतोय. न्यूरॉलॉजिस्टला दाखवा," म्हणालात, आणि तसं लिहूनही दिलंत.

निदान निघालं मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते तो आजार. हा आजार बहुतेकांना विशी ते चाळिशीत गाठतो. पन्नाशीनंतर सुरू झाला तर तो बरेचदा झटके येऊन ओसरत नाही, चाल हळूहळू बिघडवत नेतो आणि वयाच्या नावावर खपून जातो. मेंदूच्या एमआरआयमधले पांढरे डागही फसवे, कारण ते रक्तदाबाने, मधुमेहाने, नुसत्या वयानेही दिसतात. मज्जारज्जूत मात्र वयामुळे सहसा डाग पडत नाहीत. माझ्या मज्जारज्जूत ते सापडले. पाठीतून काढलेल्या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड (मेंदू-मज्जारज्जूतल्या दाहाची खूण सांगणारी प्रथिनं) दिसले, तेव्हा संशय फिटला.

औषधाचं कोडं वेगळंच. सुरुवातीपासून वाढत जाणाऱ्या प्रकारासाठी अमेरिकेत पहिलं औषध, ऑक्रेलिझुमॅब, २०१७ मध्ये मंजूर झालं; पण त्याच्या मुख्य चाचणीत ५५ वर्षांपर्यंतचेच रुग्ण होते. (म्हातारपणी हा आजार होतो, हे चाचणीवाल्यांना कुणी सांगितलं नसावं!) शिवाय या वयात संसर्गाची भीती जास्त. डॉक्टरांशी त्यावर अजून बोलणं चालू आहे.

रोजचं जगणं मात्र तुम्ही सावरलंत. घामाघूम होईपर्यंत व्यायाम नको, मधे बसायचं, अंग तापू द्यायचं नाही. उष्णतेने पाय जड झाला म्हणजे आजार वाढला असं नसतं, गार झाल्यावर तो पूर्ववत होतो, हे तुम्ही सांगितलं नसतंत तर मी प्रत्येक वेळी घाबरून अंथरूण धरलं असतं. काठी दुखऱ्या नव्हे, चांगल्या बाजूच्या हातात धरायची, हेही तुमच्याकडूनच शिकले. पाऊल उचलून धरणारा स्प्लिंट मला अजिबात आवडत नाही. तरी घालते.

चिठ्ठीप्रमाणे गुडघ्याचे व्यायाम घेऊन मला घरी पाठवलं असतंत, तरी तुम्हाला कुणी बोल लावला नसता. म्हणूनच हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

तुमची पेशंट