वकिलांच्या हिशेबवह्या कोण तपासणार?

मा. संपादक,

अपघाताची भरपाई किंवा भूसंपादनाचा वाढीव मोबदला वकिलांमार्फत हाती येतो, तेव्हा त्यातून कोर्ट फी किती गेली, इतर खर्च किती आणि वकिलांची फी किती, हे अनेक पक्षकारांना कागदावर कधीच दिसत नाही. विचारायची भीड वाटते, कारण पुढची तारीख त्यांच्याच हातात असते.

वास्तविक वकिलांचे नियमन करणाऱ्या भारतीय विधिज्ञ परिषदेचे (बार कौन्सिल ऑफ इंडिया) नियम स्पष्ट आहेत. पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवायचा, रक्कम फीपोटी घेतली की खर्चापोटी याची नोंद करायची, पैसे आल्याचे लवकरात लवकर कळवायचे आणि मागितल्यावर हिशेबाची प्रत द्यायची. मात्र या वह्या तक्रार होईपर्यंत कोणी उघडत नाही. इंग्लंडमध्ये सॉलिसिटरला, म्हणजे अशिलाचे काम थेट पाहणाऱ्या वकिलाला, अशिलाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि किमान दर पाच आठवड्यांनी त्याचा ताळमेळ घालावा लागतो. आपल्याकडे निदान वेगळे खाते तरी सक्तीचे का नसावे?

मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर ठेवली. त्यामुळे वकील परिषदेच्या शिस्तपालन समितीची जबाबदारी फारच वाढली आहे. १९६१च्या अधिवक्ता कायद्यानुसार ती ताकीद देऊ शकते, सनद निलंबित वा रद्द करू शकते. अफरातफर सिद्ध होईपर्यंत न थांबता, हिशेब न ठेवणे हाच गैरवर्तनाचा पुरेसा आधार मानून महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेने कारवाई करावी, आणि तक्रारीचा मराठी नमुना प्रत्येक तालुका न्यायालयात लावावा.

– एक पक्षकार, सातारा