डॉ. ममफेला रामफेले यांना, मनापासून

आदरणीय डॉक्टर,

तुमची-माझी कधी भेट झालेली नाही. तरी तुमचं देणं माझ्यावर आहे, आणि ते चारचौघांत मान्य करावं म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

मी अकरा वर्षं एका संस्थेत पूर्णवेळ कार्यकर्ती होते. मग घरची गरज आणि अंगात मुरलेला थकवा, दोन्ही एकदमच पुढ्यात आले आणि मी एका कंपनीत नोकरी धरली. ‘तूही विकली गेलीस,’ असं माझी सोबतीण म्हणाली. कित्येक महिने ते वाक्य उशाशी घेऊन झोपत होते. त्याच दिवसांत मी तुमच्याविषयी वाचायला लागले.

सुरुवातीला गोल्ड फील्ड्स या सोन्याच्या खाणींच्या कंपनीच्या अध्यक्षा, 2010 ते 2013, एवढंच कळलं. दक्षिण आफ्रिकेत खाण म्हटलं की काळ्या मजुरांच्या कित्येक पिढ्यांचा घाम आठवतो, त्यामुळे मी जरा बिचकलेच. मग मागे मागे वाचत गेले आणि झिन्योका गावी पोचले.

1975 साली, किंग विल्यम्स टाउनजवळच्या त्या गावात, तुम्ही झानेम्पिलो आरोग्यकेंद्र चालवत होता. डॉक्टरकीची पदवी मिळून जेमतेम तीन वर्षं झाली होती. वर्णद्वेषाविरुद्ध लढणारे नेते स्टीव्ह बिको आणि त्यांच्या ब्लॅक कॉन्शसनेस, म्हणजे काळ्या माणसांच्या आत्मभानाच्या, चळवळीतले सहकारी सोबत होते. काळ्या माणसांनी आपल्या माणसांसाठी उभं केलेलं केंद्र, हेच वर्णद्वेषी सरकारला खुपलं असणार. एप्रिल 1977 मध्ये तुम्हाला शेकडो किलोमीटर लांब, त्झानीनजवळच्या लेनेन्ये इथे हद्दपार केलं. हद्दपारीच्या आदेशात तुमचं नाव आणि ओळख क्रमांक चुकलेले निघाले. ती चूक पकडून तुम्ही थोडे दिवस परतही आलात! हे वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, ही बाई आपल्यातली आहे. हातात आलेला सरकारी कागद आधी नीट वाचायचा, हे चळवळीत आम्हालाही असंच शिकवलं होतं.

त्याच सप्टेंबरात, 12 तारखेला, बिको पोलीस कोठडीतल्या मारहाणीमुळे गेले. तुमच्या पोटात त्यांचं मूल होतं आणि तुम्हाला लेनेन्ये सोडायची बंदी होती. यावर मला काही लिहिता येत नाही.

तिथेच तुम्ही दुसरं केंद्र उभारलंत, इथुसेंग. ‘स्वतःच स्वतःला मदत करा’ असा त्याचा अर्थ. ज्या जागी सरकारने तुम्हाला विसरलं जावं म्हणून टाकलं, तिथे तुम्ही सात वर्षं राहिलात आणि गावाला दवाखाना मिळाला.

पुढचा प्रवास सगळ्यांना ठाऊक आहे: केप टाउन विद्यापीठाच्या कुलगुरू, 2000 पासून जागतिक बँकेच्या व्यवस्थापकीय संचालक, मग उद्योग. जागतिक बँकेच्या धोरणांबद्दल माझे आक्षेप आजही कायम आहेत. तुमच्याबद्दलचा आदर त्याने कमी होत नाही, आणि आक्षेप मनात ठेवून आभार मानले तर ते खोटे ठरतील. 2013 मध्ये तुम्ही अगांग हा पक्ष काढलात, 2014 च्या निवडणुकीत दोनच जागा आल्या, आणि त्याच वर्षी तुम्ही राजकारणातून बाजूला झालात. तेही सगळ्यांच्या देखत.

तुमच्यामुळे मला एक गोष्ट उमगली. दवाखाना चालवताना औषधं पुरवून वापरायला, पगार वेळेवर द्यायला, ज्यांचं आपल्यावाचून अडतं त्यांचं ऐकायला जे शिकतो, ते पदाच्या पाटीबरोबर बदलत नाही. मी संस्थेत पावत्या जपायला शिकले होते, कंपनीतही तेच करते.

गेल्या महिन्यात त्याच सोबतिणीचा फोन आला. संस्थेचे हिशेब अडले होते, ऑडिटची तारीख जवळ आली होती. शनिवारी सकाळी गेले. रात्री साडेनऊपर्यंत आम्ही दोघी व्हाउचर लावत बसलो होतो. जेवताना मी तिला लेनेन्येची गोष्ट सांगितली.

तुमची ऋणी,
एक जुनी कार्यकर्ती