डिस्क रिकामी, तरी जागा नाही: एका ताईंचे जाहीर आभार

प्रिय ताई,

फोनवर आभार मानले होतेच. पण तुम्ही जे समजावलंत ते सर्व्हर सांभाळणाऱ्या इतरांच्याही कामी यावं, म्हणून हे उघड पत्र.

आमच्याकडे जुन्या मासिकांची पानं स्कॅन होतात. ती झूम करून वाचता यावीत म्हणून प्रत्येक पानाचे ढीगभर तुकडे करून ठेवावे लागतात, एकेक तुकडा जेमतेम सहा-सात केबीचा. ५०० जीबीची डिस्क निम्मी रिकामी, आणि सर्व्हर मात्र 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' म्हणून अडून बसलेला. नवी डिस्क मागवायचं जवळपास ठरलं होतं. तुम्ही म्हणालात, "आधी 'डीएफ -आय' मारून बघ." ती कमांड चालवून बघितली, तर इनोड, म्हणजे प्रत्येक फाइलची नोंद ठेवायच्या जागा, १०० टक्के संपलेले.

तेवढं सांगूनही तुम्हाला फोन ठेवता आला असता. पण तुम्ही सगळं गणित मांडून दाखवलंत. ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइल मांडून ठेवायची पद्धत) नेहमीच्या सेटिंगने फॉरमॅट केली की दर १६,३८४ बाइटमागे एक इनोड धरते. म्हणजे ५०० जीबीला साधारण तीन कोटी. आमची फाइल ४ केबीचे दोन ब्लॉक (डिस्कवरच्या जागेचे ठरावीक तुकडे) खाते, पण इनोड तिला अख्खा लागतो. मग अर्धी डिस्क भरते न भरते तोच इनोड संपणार! आणि डिस्क तेवढीच ठेवून हा आकडा नंतर वाढवता येत नाही.

'-आय ४०९६', म्हणजे दर ४,०९६ बाइटमागे एक इनोड, असं देऊन नव्याने फॉरमॅट करायला सांगताना त्याची किंमतही तुम्ही आधीच सांगितलीत: २५६ बाइटचा एक इनोड, म्हणजे डिस्कचा सोळावा हिस्सा, ३१ जीबीच्या आसपास, इनोड टेबलातच जाणार. एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम लागतील तसे इनोड बनवते, हा पर्यायही पुढे ठेवलात आणि निवड आमच्यावर सोडलीत. फाइल वाचल्याची वेळ नोंदवणं बंद करणारं 'नोएटाइम' लावा, पण ती नोंद कमी करणारं रिलेटाइम लिनक्समध्ये २००९पासून डिफॉल्ट असल्याने त्यातून फार काही हाती लागणार नाही, हेही स्पष्ट सांगितलंत. असा सल्ला फार कमी लोक देतात.

सगळ्यात मोठे आभार मात्र एका वाक्यासाठी. एमकेएफएस ही डिस्क फॉरमॅट करणारी कमांड चालवायच्या आधी तुम्ही अडवलंत: "बॅकअपमधल्या चार फाइल काढून उघडून दाखव, मगच पुढे जा." त्यातली एक उघडली नाही. बॅकअप पुन्हा घेतला, आणि सगळी पानं बचावली.

आता इनोडचा आकडाही रोज तपासला जातो. पुढच्या वर्षांचे अंक चढवायला सुरुवात झाली आहे.

मनापासून आभार, ताई.

आपला,
स्कॅनिंग विभागातला एक सहकारी