पप्पा, पोस्टकार्डं परत सुरू करा

आई, पप्पा, जय ख्रिस्त.

काल फोनवर पप्पा म्हणाले ना, "आता मंडळीत आमचा काय उपयोग, गुडघे साथ देत नाहीत, संदेशही नीट ऐकू येत नाही", ते डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहितेय, फोनवर बोलले असते तर रडूच आलं असतं.

रविवारी आमच्या पाळकसाहेबांनी नव्या करारातल्या बर्णबावर संदेश दिला. आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा शौल, म्हणजेच पुढचा पौल, यरुशलेमात येतो, सगळे शिष्य त्याला घाबरतात, विश्वासच ठेवत नाहीत, तेव्हा बर्णबा त्याला प्रेषितांकडे घेऊन जातो (प्रेषितांची कृत्ये, अध्याय ९). मग अंत्युखियात काम वाढतं तेव्हा स्वतः तार्सला जाऊन त्याला शोधून आणतो. आणि मार्क, जो सेवेच्या प्रवासात अर्ध्या वाटेतून परत गेलेला, पौल म्हणतो नको तो, तर बर्णबा त्याला आपल्याबरोबर नेतो, आणि त्याच मार्काबद्दल पौल नंतर आपल्या सहकाऱ्याला, तीमथ्याला लिहितो की त्याला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. बर्णबाच्या नावाचं एक पत्रही नव्या करारात नाही हो पप्पा. मला सगळा वेळ तुम्हीच दिसत होतात.

तुम्ही चर्चचे पंच होतात तेव्हा कोणी सलग दोन रविवार दिसलं नाही की सोमवारी संध्याकाळी ओट्यावर बसून पन्नास पैशांचं पोस्टकार्ड लिहायचात. "तुमची जागा रिकामी होती, बरे आहात ना?" खाली एखादं वचन, जागा संपली की कडेने आडवं. ते गवंडीकाम करणारे काका आठवतात? दारूपायी चर्च सुटलेलं त्यांचं, तुमच्या चौथ्या कार्डानंतर आले आणि सगळ्यात मागे बसले. ते वारल्यावर काकूंनी त्यांच्या बायबलमधून चारही कार्डं काढून दाखवली होती, शाई पुसट झालेली.

मागच्या वर्षी माझी नोकरी गेली तेव्हा महिनाभर मी चर्चला गेलेच नाही, लाज वाटायची, तुम्हालाही सांगितलं नव्हतं, सॉरी. इथल्या एक मावशी, वय सत्तरच्या पुढे, तीन जिने चढून भाजी-भाकरीचा डबा घेऊन आल्या. उपदेश काही नाही, हात धरून प्रार्थना केली आणि म्हणाल्या, रविवारी माझ्या शेजारी बस. बसले. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज ढीगभर वचनं येतात, पण त्या महिन्यात नाव घेऊन विचारणाऱ्या त्या एकट्याच. "एकमेकांची उन्नती करा" हे पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलंय ते सगळ्यांनाच ना, फक्त गुडघे चांगले असणाऱ्यांना थोडंच?

पंचवीस पोस्टकार्डं पाठवतेय, पत्ते आईच्या डायरीत आहेत. पहिलं त्या दहावीत नापास झालेल्या मुलाला लिहा, आई म्हणाली तो गेटपर्यंत येतो आणि परत जातो. हात थरथरत असेल तर मजकूर आई लिहील, पण सही तुमचीच हवी.

तुमची,
बेबी